अकराशे फॉलोअर आणि एकही ऑर्डर नाही

परवा रात्री एका ओळखीच्या मुलीचा मेसेज आला. "ताई, पेजला अकराशे फॉलोअर झाले. तीन महिने रोज पोस्ट टाकतेय. ऑर्डर एकही नाही. माझं काय चुकतंय?" ती भाजलेल्या मातीचे दागिने घडवते. हाताला सफाई आहे, फोटोही छान काढते. तिला उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की म्हटलं, इथेच टाकावं. सात वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला पडला होता आणि तेव्हा मिळालेले बहुतेक सल्ले मला उलट्या दिशेला घेऊन गेले होते.

माझं काम बुकबाइंडिंगचं. जुन्या, विसविशीत झालेल्या पुस्तकांना नवी पाठ, नवा पुठ्ठा, आणि जोडीला हाताने शिवलेल्या वह्या. सुरुवातीला जो तो एकच सांगायचा, रीच वाढव, म्हणजे पोस्ट जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचव. रोज टाक, चालू गाणं लाव, हॅशटॅग लाव, स्पर्धा ठेव. मी सगळं केलं. "तीन मित्रांना टॅग करा आणि वही जिंका" अशी स्पर्धाही ठेवली. आठ दिवसांत चारशे माणसं आली. वही एकाला गेली आणि बाकीची माणसं पुन्हा कधी फिरकली नाहीत. त्यांना वही नकोच होती, फुकटातली वही हवी होती. त्याच सुमारास एकाने हजार फॉलोअर आणून देतो म्हणून पैसे घेतले. आकडा वाढला, पण ती खाती कुणाची होती देव जाणे. त्यांतल्या एकानेही कधी एक अक्षर लिहिलं नाही.

यात नुसते पैसे जात नाहीत, अशा मुक्या खात्यांमुळे आपली पोस्ट खऱ्या माणसांपर्यंतही कमी पोचते. कुणाला काय दाखवायचं हे फीड ठरवतं ते माणसं कशावर थांबतात, कशावर लिहितात, कुणाशी बोलतात यावरून. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये पोस्ट लागतील त्या क्रमाने दाखवणं सोडलं. जानेवारी २०१८ मध्ये तर फेसबुकने उघडच जाहीर केलं की पेजच्या पोस्टपेक्षा मित्रमंडळी आणि घरच्यांच्या गप्पांना पुढे ठेवणार. तेव्हा पेज चालवणाऱ्या कितीतरी जणांनी डोक्याला हात लावला. मला मात्र वाटतं की त्यात आपल्यासारख्या छोट्या माणसासाठी एक सोय आहे. मोठ्या कंपनीला प्रत्येक माणसाशी बसून बोलणं परवडत नाही. आपल्याला परवडतं. आपल्याकडे भांडवल नाही, पण तोंड आहे, कान आहेत आणि कामाची माहिती आहे.

मला ही गोष्ट एका शब्दकोशामुळे कळली. वाचकांच्या एका ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला होता. आजोबांचा जाडजूड शब्दकोश, पाठ पूर्ण सुटलेली, पहिली वीसेक पानं मोकळी. खाली प्रश्न, "चिकटपट्टी लावली तर चालेल का?" वीस-पंचवीस जणांनी लिहिलं होतं, लावा की, काय होतंय. मला राहवलं नाही. मी लिहिलं, कृपा करून चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो, कागदात उतरतो, आणि पट्टी काढायला गेलं की अक्षरांसकट कागदाचा पापुद्रा निघतो. सध्या मोकळी पानं क्रमाने लावून घ्या, पुस्तक आडवं ठेवा, रुंद सुती फितीने सैलसर बांधा, आणि सवडीने कुणाकडून तरी जुजबंदी (पानांचे छोटे गठ्ठे, म्हणजे जुजा, दोऱ्याने एकत्र शिवणं) करून घ्या. एवढंच. मी बाइंडिंग करते हेसुद्धा लिहिलं नाही, कारण तिथे ते लिहिणं मला बरं दिसलं नसतं.

त्या माणसाने शब्दकोश माझ्याकडे पाठवला नाही. तीन महिन्यांनी एका अनोळखी बाईंचा मेसेज आला. त्या एका छोट्या ग्रंथालयाचं काम बघत होत्या. ती कमेंट वाचून त्यांनी माझं प्रोफाइल उघडलं होतं, वह्यांचे फोटो बघितले होते आणि चार ओळी लिहिल्या होत्या. "तुम्ही चिकटपट्टीबद्दल लिहिलं होतं ना, आमच्याकडे चाळीस पुस्तकं तशीच पडून आहेत." माझ्या धंद्यातलं पहिलं मोठं काम ते. त्या माझ्या फॉलोअर नव्हत्या. आम्हा दोघींच्या ओळखीचं असं एकही माणूस नव्हतं.

हे नुसतं माझं नशीब नव्हतं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक शोधनिबंध लिहिला होता, तो पातळ ओळखींच्या ताकदीबद्दल. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून नोकरीची बातमी कळली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारा म्हणणारे १७ टक्क्यांच्याही आत निघाले. अधूनमधून भेटणारा म्हणणारे ५५ टक्क्यांच्या वर, आणि बाकीचे म्हणाले क्वचितच. कारण साधं आहे. आपली जवळची माणसं आपल्याच वर्तुळात फिरतात, त्यांना ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. नवी खबर, नवं काम लांबच्या ओळखीतून येतं. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासातही तेच दिसलं, फक्त एक बारकावा होता. ओळख अगदीच नावापुरती असली तर तिचा फारसा उपयोग नाही. थोडीफार हवी.

ही "थोडीफार ओळख" म्हणजेच आपलं सगळं काम आहे असं मी म्हणेन. फॉलोअर म्हणजे ओळख नाही. ज्याच्याशी दोन-चार वेळा खरं बोलणं झालंय, ज्याला आपण काय करतो आणि कसं करतो हे सांगता येईल, तो माणूस खरा. असे दीडशे असले तरी छोटा धंदा चालतो.

मग मी क्रमच उलटा केला. स्वतःचं काही टाकण्याआधी अर्धा तास दुसऱ्यांच्या पोस्टवर. "खूप छान", "सुंदर" असं लिहिण्यात अर्थ नाही. काहीतरी विचारायचं किंवा आपल्याला ठाऊक असलेलं सांगायचं. सगळ्यात जास्त काम मला कुठून आलं माहितीये? माझ्या कामाच्या आधी आणि नंतर ज्यांचं काम येतं त्यांच्याकडून. चित्रकार, छोटे छापखानेवाले, सुलेखन करणारे, जुनी पुस्तकं विकणारे. आणि दुसरे बाइंडर! त्यांना मी आधी प्रतिस्पर्धी समजायचे. एकाने मला सांगितलं, चामड्याचं काम माझं, कापडी तू घे. गेली चार वर्षं आम्ही एकमेकांकडे गिऱ्हाईक पाठवतोय.

काय टाकायचं हा प्रश्न त्यातूनच सुटला. एकदा सहज पाठीला गोलाई देतानाचा व्हिडिओ टाकला. शिवलेला गठ्ठा आडवा, पाठीवरची खळ अजून ओलसर, एका हाताने वरची पानं ओढून धरलेली आणि दुसऱ्या हाताने हातोडीचे हलके ठोके. गाणं लावलं नाही, फक्त ठक ठक. खाली प्रश्नांची रांग लागली. पाठ गोल का करतात? सपाट राहिली तर काय बिघडतं? खळ कशाची? तेवढ्यावर माझं पुढचं दोन महिन्यांचं लिखाण निघालं. दोऱ्यामुळे गठ्ठ्याची पाठ फुगते, ती फूग गोलाईत सामावली नाही तर काही वर्षांनी पाठ आतल्या बाजूला खचते आणि पुस्तक पुढून बाहेर येतं, हे मी लिहिलं तेव्हा एकाने आपल्या कपाटातल्या खचलेल्या तीन पुस्तकांचे फोटो टाकले. त्याला मला काहीही विकावं लागलं नाही.

एका गोष्टीवर मी ठाम आहे. किंमत विचारणाऱ्याला "इनबॉक्स चेक करा" म्हणू नका. तिथेच, सगळ्यांसमोर सांगा. विचारणारा एक असतो, वाचणारे पन्नास असतात. किंमत लपवली की त्यांना वाटतं माणूस बघून भाव सांगतात.

चुकीचंही तसंच. एका ग्रंथाच्या दोन जुजा माझ्याकडून उलटसुलट शिवल्या गेल्या, गिऱ्हाइकाने पोस्टखाली फोटोसकट लिहिलं. कमेंट पुसून टाकायचा मोह झाला. पुसली नाही. तिथेच माफी मागितली, पुस्तक परत मागवून उसवून पुन्हा शिवलं आणि त्याच कमेंटखाली नवा फोटो टाकला.

व्हॉट्सॲपबद्दल थोडं. जानेवारी २०१८ मध्ये आलेलं त्यांचं बिझनेस ॲप जरूर वापरा, कॅटलॉग आणि लेबलं फार उपयोगी पडतात. पण न विचारता कुणाला ग्रुपमध्ये ओढू नका. ब्रॉडकास्ट लिस्टचा नियम मला आवडतो. एका यादीत २५६ जण, आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. आपला नंबर किती जणांनी सेव्ह केलाय हा आकडा मला फॉलोअरच्या आकड्यापेक्षा खूप जास्त सांगून जातो.

आणि एक वही ठेवा. कागदाची. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही जगभर सहाएक तास बंद होते. त्याआधी ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट कायमचं बंद झालं, तिथे जमवलेली माणसं तिथेच राहिली. जागा दुसऱ्याची आहे, मालक कधीही कुलूप लावू शकतो. माझ्या वहीत गिऱ्हाइकाने खुशीने दिलेलं नाव आणि नंबर असतो, कोणतं पुस्तक केलं ते असतं, आणि बोलताना कळलेली एखादी गोष्ट. "वडिलांच्या हातची रोजनिशी, पानं कापायची नाहीत." वर्षाने मी विचारते, रोजनिशी कशी आहे, पाठ धरून आहे ना? त्या एका वाक्यावर माणूस परत येतो, आणि येताना कुणाला तरी घेऊन येतो.

याला वेळ लागतो. मला घर चालेल इतकं काम मिळायला अडीच वर्षं लागली, आणि मधल्या काळात कित्येक रात्री फोन उपडा ठेवून रडलेय. म्हणून तीन महिन्यांत काही झालं नाही म्हणणाऱ्या मुलीला मी धीर धर असं नुसतं सांगणार नाही.

मेसेज वाचून मी तुझ्या पेजवर गेले, बाळा. सगळ्या पोस्ट बघितल्या. निळ्या कर्णफुलांच्या फोटोखाली एका बाईंनी विचारलंय, "पाणी लागलं तर रंग जातो का?" त्याला एकोणीस दिवस झाले. तुझं उत्तर नाही. आत्ता हे वाचून झालं की आधी तिथे जा आणि त्यांना नीट सांग. रंग कसा देतेस, भट्टीत किती वेळ ठेवतेस, पाणी लागलंच तर काय करायचं, सगळं. मग एक कर्णफूल पाण्याच्या वाटीत टाकून त्याचा व्हिडिओ काढ आणि पोस्ट करताना त्यांना टॅग कर.