म्हणे ‘का’ विचारू देऊ नका!

‘गणित पक्कं करण्याचे जुने उपाय’ हा मेसेज कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर फिरत फिरत आमच्याही घरात पोचला आणि तिसरीतल्या पुतणीचे काड्यांचे गठ्ठे माळ्यावर गेले. आता गप्प बसवत नाही. मेसेजचं म्हणणं असं: काड्या-मणी हा पोरखेळ, वजाबाकीची रीत पाठ करून घ्या, ‘का’ विचारू देऊ नका, चीन घोकंपट्टीनंच पुढं गेला, पाढे तीसपर्यंत पाठ हवेत, बोटं मोजणारं पोर मठ्ठ.

यातलं सगळ्यात घातक ते ‘का विचारू देऊ नका’. नुसती रीत पाठ असलेल्या पोराला 402 – 178 घाला. एक उत्तर येतं 376, कारण दोनातून आठ जात नाहीत म्हटल्यावर ते आठातून दोन काढतं, सातातून शून्य काढतं. दुसरं येतं 274. इथं हातचा घेतलाय, पण मधलं शून्य ओलांडून थेट शतकातून, आणि दशकाच्या घरात सात तसेच उतरवलेत. ही चूक आळशीपणाची नाही. त्या शून्यावर नऊ कुठून येतात हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

दाखवायला खेळण्यातल्या नोटा पुरतात. शंभराच्या चार, रुपयाची दोन नाणी, दहाची एकही नाही. आठ रुपये द्यायचेत तर एक शंभर मोडून दहाच्या दहा नोटा घ्या, त्यातली एक मोडून दहा रुपये घ्या. आता आहेत 3 शतक, 9 दशक, 12 एकक. वजाबाकीआधी पोराला विचारा, पैसे कमी झाले का? नाही, 402 च आहेत. मग काढा: 224. मात्र प्रत्येक मोडीबरोबर त्याच वेळी वहीत आकडा बदलायला हवा. नोटा आज आणि मांडणी पुढच्या महिन्यात, असं केलं की दोन्ही सुटी राहतात. काही वर्गांत हेच होतं, त्यामुळं मेसेजवाल्याची ‘पोरखेळ’ ही तक्रार तेवढ्यापुरती मान्य.

आता चीन. गणितशिक्षणाच्या अभ्यासक लिपिंग मा यांच्या 1999 मधल्या अभ्यासात 72 चिनी आणि 23 अमेरिकी प्राथमिक शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा यावर शाब्दिक उदाहरण रचायला सांगितलं होतं. चिन्यांपैकी 65 जणांनी अर्थाला धरून रचलं, अमेरिकी शिक्षकांत एकानं. पाठांतर चीनमध्येही असेल, पण तिथल्या मास्तरांना ‘का’ ठाऊक होतं! आपल्याकडं हे उदाहरण गंगावेशच्या दूध कट्ट्यावर तयार आहे: पावणेदोन लिटर दूध, अर्ध्या लिटरचं माप, किती मापं? साडेतीन. भागून उत्तर मोठं का आलं हे पोराला इथं दिसतं. ‘उलटं करून गुणा’ म्हणून दिसत नाही.

बोटांचं एवढंच: पहिलीत मोजू द्या, नंतर 8 + 5 ला 8 + 2 + 3 करायला शिकवा. बोटं आपोआप सुटतात.

पाढे पाठ हवेतच, दहापर्यंत तरी, नाहीतर भागाकारात पोर अडकतं. पण सात आठे विसरलं तर पहिल्यापासून म्हणत बसण्यापेक्षा पाच आठे चाळीस, दोन आठे सोळा, मिळून छप्पन्न हे सुचायला हवं, आणि ते नुसत्या घोकण्यानं सुचत नाही.