तीन महिन्यांत निकाल? जरा दमानं घ्या

पुरुषांच्या टकलावरच्या औषधांबद्दलच्या एका लेखात ‘तीन महिन्यांत केस दाट’ असं लिहिलंय. याच अपेक्षेपायी बरेच जण औषध मध्येच सोडतात. मिनॉक्सिडिल, म्हणजे डोक्याला लावायचं औषध, त्याच्या पहिल्या २ ते ८ आठवड्यांत केसगळती उलट वाढू शकते. विश्रांतीत गेलेले केस लवकर सुटतात, म्हणून. बाटली फेकू नका.

५ टक्क्यांचं द्रावण एका वेळी १ मिली, दिवसातून दोनदा. भांग पाडून थेंब कोरड्या कातडीवर सोडायचे, केसांवर नाही. नंतर चार तास डोकं धुवायचं नाही. लावल्या लावल्या हेल्मेट चढवून घोडबंदर रोडला लागलात तर औषध अस्तरालाच मिळणार! आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत ते सुकायलाही वेळ लागतो. खाज सुटली, कोंड्यासारखं सुटू लागलं तर बहुधा द्रावणातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉल या द्रावकाचा त्रास. डॉक्टरांना त्याच औषधाचा फोम (फेस) विचारून पाहा.

दुसरं औषध फिनास्टराइड, ही पोटात घ्यायची गोळी. १ मिग्रॅ रोज, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको. त्याचं मुख्य काम आहेत ते केस टिकवणं. हिशेब सहा महिन्यांनी, खरा अंदाज वर्षाने. माथ्यावर फरक बरा पडतो, कपाळाच्या कोपऱ्यांत कमीच. थोड्या पुरुषांना कामेच्छा घटणं, ताठरतेची अडचण किंवा उदासी जाणवते. तसं झालं तर लगेच डॉक्टरांना सांगा. घरात गरोदर बाई असेल तर तुटलेली गोळी तिच्या हाती लागू देऊ नका. पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) करताना ही गोळी चालू असल्याचं आवर्जून सांगा, आकडा साधारण निम्मा दिसतो.

औषध बंद केलं की वर्षभरात कमावलेलं जातं.