दुसरा आला तरी पुढे?

दर वसंतात पुन्हा तेच! एनएचआरएच्या (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संघटना) शार्लटच्या शर्यतीत चार गाड्या एकदम सोडायच्या. अहो, ड्रॅग रेसिंग म्हणजे सरळ, छोट्या पट्ट्यावर दोघांची झुंज. एक जिंकतो, दुसरा घरी जातो. इथे चारांतले पहिले दोघे पुढच्या फेरीत! मग नक्की हरलं कोण, ते बघायला स्क्रीनकडे मान वळवायची. टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान वर्गातल्या चार गाड्या सुटल्या की छाती हादरते, हे मान्य (तो हादरा मलाही हवाच असतो). पण २०१० पासून आयोजक तोच आवाज पुढे करून आमची तोंडं बंद करतात. जेमतेम पावणेचार सेकंदांच्या शर्यतीत चार लेनवर नजर ठेवायची कशी? प्रदर्शन म्हणून खुशाल पळवा चौघांना. अजिंक्यपदाचे गुण कशाला पणाला लावता?