आमच्या ओपन स्पेसमधली झाडं दुष्काळानं मेली नाहीत

लातुरात झाड वाळलं की पंचनाम्याची गरज पडत नाही. कारण ठरलेलं असतं. पाणी नाही, दुष्काळी भाग, काय करणार! मग पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवं रोप, नवा फोटो. आमच्या कॉलनीनं हे दोनदा केलं. तिसऱ्या वेळी मी आडवी आले. त्यावरून ग्रुपवर इतकी बोलाचाली झाली, की म्हटलं एकदा सगळं इथं सविस्तर लिहूनच टाकावं.

शहराच्या कडेचं नवं लेआउट, २० गुंठे ओपन स्पेस. २०२१ च्या पावसाळ्यात वर्गणी काढून एका ठेकेदाराकडून बगिचा करून घेतला. मधे लॉन, कडेनं ८४ झाडं : कडुनिंब, करंज, बहावा, कांचन, अर्जुन, ताम्हण. रस्त्याच्या अंगाला तगर, जास्वंद, बोगनवेल आणि पिवळ्या ड्युरांटाचं कुंपण. उद्घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले. २०२२ ला मेलेल्यांच्या जागी नवी लावली. २०२३ च्या जूनमध्ये मोजली तर एकूण ३१ जिवंत.

मीटिंगमध्ये पुन्हा ५० रोपं आणायचा विषय निघाला. मी म्हणाले, आणा, पण आधी मेलेली खोदून बघू. उपटायची नाहीत, खोदून काढायची. काहीजण हसले. एक काका म्हणाले, "आता झाडांचं पोस्टमॉर्टेम करता का?" हो, तेच करायचं होतं.

दोन रविवार लागले. सोबत आमचे माळीमामा. मूळचे रेणापूरकडचे, स्वतःची तीन एकर कोरडवाहू. पहारीनं त्यांनी पहिला कडुनिंब उकरला आणि मुळांभोवती काळी प्लास्टिकची पिशवी जशीच्या तशी! खालून नुसतं ब्लेड मारलेलं. मुळं पिशवीतच गोल गोल फिरून दोरखंडासारखी झालेली. दोन वर्षं ते झाड जमिनीत नव्हतंच, पिशवीतच होतं. अशी नऊ निघाली. ठेकेदाराच्या माणसांना दिवसात शंभर खड्डे उरकायचे होते, पिशवी फाडून मुळं मोकळी करायला कोण बसतंय.

पण खरा धक्का बसला तो बुंध्यांचा. बारा-तेरा झाडांची साल जमिनीपासून वीतभर उंचीवर सगळ्या बाजूंनी सोललेली. मला आधी शेळ्या वाटल्या. मामांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "शेळी वरून खाती ताई. ही मशीन हाय." ग्रास कटर! लॉन कापताना त्याची नायलॉनची दोरी कोवळ्या बुंध्याला घासून जाते. पानांनी केलेलं अन्न मुळांकडे जातं ते सालीच्या आतल्या थरातून. तो थर चहूबाजूंनी तुटला की मुळं उपाशी राहतात. झाड लगेच मरत नाही, हीच तर फसगत. पाण्याची वाट खोडाच्या लाकडात असते, ती चालू राहते, म्हणून वरून काही महिने हिरवं दिसतं. मग मार्चमध्ये पान टाकतं आणि आपण म्हणतो, ऊन लागलं.

म्हणजे दर पंधरा दिवसांनी पैसे देऊन आम्ही आमचीच झाडं कापून घेत होतो, आणि वर बगिचा स्वच्छ दिसतो म्हणून समाधानी होतो.

पाच-सहा झाडांना आधाराची काठी बांधलेली तार खोडात रुतून बसली होती. बांधतानाचं खोड करंगळीएवढं, नंतर मनगटाएवढं झालं. तार तेवढीच. सुतळी कुजून तरी जाते. तार आणि नायलॉन कुजत नाही, माया करत नाही.

आता पाण्याचं. यात मी सगळ्यात जास्त भांडले, म्हणून जरा सविस्तर.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. तो उन्हाळा ज्यांनी काढला त्यांच्या हाताला तेव्हापासून एक वळण लागलंय. नळ पूर्ण सोडायचाच नाही. माझंही तसंच आहे, भाजी धुतलेलं पाणी मी आजही बादलीत साठवते. पण हेच वळण झाडांना लावलं की घात होतो. आमच्याकडे रोज संध्याकाळी प्रत्येक झाडाला पाइपनं दोन-दोन लिटर पाणी पडायचं. माती काळी दिसली की पुढचं झाड. लोकांना वाटायचं, वा, रोज पाणी! पण ते पाणी बोटभर खोल जातं आणि ४० अंशांच्या पुढच्या उन्हात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उडून जातं. मुळं ओलीच्या मागं जातात. ओल वर असेल तर मुळं वरच पसरतात, आणि एप्रिलमध्ये वरची माती तव्यासारखी तापते.

हिशेब करा. रोज २ लिटर म्हणजे महिन्याला ६०. आठवड्यातून एकदा १५ लिटर म्हणजे महिन्याला तेवढेच ६०. पाणी तेच, पण दुसऱ्या पद्धतीत ते हातभर खाली उतरतं आणि मुळांना खाली ओढतं. एकदम ओतायचं नाही, हळू सोडायचं. बुडाला बारीक भोक पाडलेला जुना कॅन आळ्यात, म्हणजे बुंध्याभोवती पाण्यासाठी केलेल्या गोल खळग्यात, ठेवला तरी काम होतं. खाली किती ओल गेली हे बघायला कुठलं यंत्र लागत नाही. लोखंडी सळई दाबायची. ओल्या मातीत सरसर जाते, कोरडी लागली की अडते. मी अजूनही सळई घेऊन फिरते, पोरं मला सळईवाल्या काकू म्हणतात.

आणि आळं! ठेकेदारानं केलेलं आळं दोन वर्षं तेवढंच, बुंध्याला खेटून. पाणी पिणारी बारीक मुळं बुंध्याशी नसतात, बाहेर असतात. झाडाचा घेर वाढेल तसं आळं बाहेर सरकवायला हवं, ठिबक असेल तर ड्रिपरही. आमच्या दुसऱ्या गल्लीत एकांचं आंब्याचं झाड चार वर्षांचं आहे आणि ड्रिपर अजून खोडाला चिकटलेला. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "तोंडाजवळ पाणी दिलेलं बरं." झाडाचं तोंड कुठं असतं यावर एकदा स्वतंत्र पोस्ट लिहीन.

काही झाडं तर उलट पाण्यानं मेली होती. हे कुणाला पटलं नाही. लातुरात पाण्यानं? आमची जमीन काळी, भारी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत दोन फुटी खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत माती आणि शेणखत भरलं की तो खड्डा म्हणजे हौद. चहूबाजूंची चिकण माती पाणी सोडत नाही, ऑगस्टच्या झडीत ते आत कोंडतं आणि मुळं कुजतात. अर्जुनासारखं ओढ्याकाठचं झाड हे सोसतं, करंजही काढतो कसाबसा, पण बहावा आणि कांचन मान टाकतात. पानं पिवळी पडली की आम्ही काय करायचो? आणखी पाणी!

माझे वडील शेतकरी. त्यांच्या तोंडी दोन गोष्टी कायम असायच्या. एक, वाफसा आल्याशिवाय, म्हणजे चिखल ओसरून माती नुसती ओलसर झाल्याशिवाय, रानात पाय ठेवायचा नाही. दुसरी, एक कोळपणी (पिकातली वरची माती हलवून मोकळी करणं) म्हणजे अर्धं पाणी. दोन्ही गोष्टी झाडांना तंतोतंत लागू आहेत. वाफसा बघा, मग पाणी द्या. आणि उन्हाळ्याच्या तोंडाला आळं खुरपून वरची माती भुरभुरीत ठेवा, म्हणजे भेगा पडत नाहीत. भेगेतून खालची ओल तर उडतेच, शिवाय भेग रुंदावताना कोवळी मुळं ताडताड तुटतात.

आच्छादनावरून माझं आणि मामांचं वाजलं. माझं म्हणणं, सोयाबीनचं भुसकट चार बोटं जाड पसरू. आपल्या भागात त्याला काही तोटा नाही, शेवटी कुणीतरी पेटवूनच देतं. मामा म्हणाले, वाळवी लागंल. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. बुंध्याला खेटून ढीग लावला की वाळवीला आडोसा मिळतो. न कुजलेलं शेणखत घातलं की हुमणी, मुळं खाणारी अळी, येते, तीही दोन खड्ड्यांत सापडली. शेवटी तोडगा निघाला : बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी, त्याच्या बाहेर भुसकट. पहिल्या उन्हाळ्यात पाणी सात दिवसांऐवजी दहा दिवसांवर गेलं.

झुडपांची तर वेगळीच कर्मकथा. कात्री हातात आली की माणसाला चेंडू करायचा मोह होतो. आमचं सगळं जास्वंद आणि तगर दर महिन्याला गोल छाटलं जायचं. त्यांना फूल येतं नव्या फुटीच्या शेंड्यावर. शेंडा वाढू दिलाच नाही तर फूल कुठून येणार? वर बायका म्हणणार, पूजेला एक फूल मिळत नाही. आता पावसाच्या सुरुवातीला एकदा नीट छाटणी, नंतर फक्त वाळलेलं काढायचं. भर मे महिन्यात कात्री कपाटात. बोगनवेलीचं पाणी तर जवळपास तोडलं, रोज पाणी पिऊन ती नुसती पानं काढत होती. दिवाळीनंतर अशी फुलली, की रस्त्यानं जाणारे थांबून सेल्फी घ्यायला लागले.

लॉनचं काय केलं? झाडांभोवतीची काढली. तीन-तीन फूट गोल मोकळे केले, तिथं मशीनला बंदी, गवत हातानं खुरपायचं. यावर मात्र कॉलनीत दोन पक्ष पडले आणि एका घराचं माझ्याशी बोलणं बंद आहे. असू द्या. हरळीचं गवत आणि रोप एकाच वाफ्यात ठेवलं की पाणी आणि खत आधी हरळी पिते, ज्यानं शेतात तण काढलंय त्याला हे सांगावं लागत नाही.

एक गोष्ट मला अजून टोचते. पोस्टमॉर्टेम संपल्यावर मी मामांना विचारलं, मामा, तुम्हाला हे सगळं माहीत होतं, मग दोन वर्षं बोलला का नाही? ते म्हणाले, "मला पाणी घाल म्हणलं, मी घातलं. इचारलं कुणी?"

खरंच विचारलं नव्हतं. बगिच्यावर आम्ही जेवढी वर्गणी घातली तिचा मोठा भाग लॉन, दिवे आणि फरशीला गेला. तीन वर्षं झाडं सांभाळणाऱ्या माणसाचा पगार त्यात धरलाच नव्हता, तो दर महिन्याला मागून-मागून गोळा व्हायचा. आपल्याकडं सगळा हिशेब लावण्याचाच. राज्याच्या वृक्षलागवडीचे आकडे आठवा. २०१६ ला २ कोटी, मग ४, मग १३, २०१९ ला ३३ कोटी. लावायचं उद्दिष्ट सगळ्यांना पाठ. तिसऱ्या उन्हाळ्याचं उद्दिष्ट कधी ऐकलंय कुणी? माझं स्पष्ट मत आहे, ज्याच्याकडं तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची आणि माणसाची तरतूद नाही त्यानं झाड लावू नये. वाढदिवसाला रोपं वाटणाऱ्यांनी हवं तर वाईट वाटून घ्यावं.

त्या वर्षी ५० च्या ऐवजी आम्ही २० च रोपं आणली. कमरेएवढी, खोडानं जाड. खड्ड्यातली माती दबून रोप खाली जातं म्हणून जरा उंचवट्यावर लावली. खालच्या फांद्या छाटू दिल्या नाहीत. त्या फांद्यांच्या पानांवरच खोड जाड होतं. ठेकेदारांना झेंड्याच्या दांड्यासारखं रोप आवडतं, वाऱ्याला नाही. फक्त ज्या करंजांना दोन शेंडे फुटले होते त्यातला एक लहानपणीच काढला, नाहीतर पुढं अवकाळीच्या वाऱ्यात असं झाड बेचक्यातच फाटतं. त्या २० पैकी १८ आज उभी आहेत. गेलेल्या दोनांत एक म्हशीनं खाल्लं, दुसऱ्याचं कारण सापडलं नाही.

काल सकाळी कोपऱ्यातल्या करंजाची काठी सोडली. खोड मनगटापेक्षा जाड झालंय, आता वाऱ्यात हललं तरच आणखी जाड होईल. तासाभरात ग्रुपवर फोटोसकट मेसेज : "झाड हलत आहे. कृपया कमिटीनं तारेनं बांधून घ्यावे." काठी मामा घरी घेऊन गेले, त्यांच्या शेवग्याला लागणार होती.