‘मुलाला तासभर बसवून ठेवलं’ या अभिप्रायाला लॅबकडून उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय मी नीट वाचला आणि त्या दिवशी कामावर असलेल्या सिस्टरांशीही बोलले. मुलाच्या प्रकृतीबद्दल किंवा रिपोर्टबद्दल इथे चारचौघांत मी काहीही लिहिणार नाही. तुम्ही स्वतः जेवढं लिहिलं आहे, तेवढंच धरून उत्तर देते.

तुम्ही लिहिलंय की तीन वर्षांच्या मुलाला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) या तपासण्यांसाठी आणलं होतं. सकाळपासून उपाशी असलेल्या पोराला हाताला बधिर करणारं क्रीम लावून तासभर बसवलं. टेबलावर झोपवून पटकन रक्त घ्यायचं सोडून आईच्या मांडीवरच बसवायचा हट्ट धरला. ‘काही दुखणार नाही हं बाळा’ म्हणणाऱ्या आजींना थांबवलं. आणि एवढं सगळं करून, दोनदा टोचल्यावर नस मिळाली नाही म्हणून ‘आज नको, परवा या’ असं सांगून परत पाठवलं. दुसऱ्या लॅबमध्ये चौघांनी धरलं आणि पाच मिनिटांत काम झालं. ‘लहान मुलं रडायचीच, दोन मिनिटांत विसरतात,’ असं शेवटी म्हणून तुम्ही एक तारा दिलात.

घडलं ते असंच घडलं. उद्या दुसरं तीन वर्षांचं मूल आलं तरी आम्ही याच पद्धतीने काम करू, म्हणून त्यामागचं कारण तुम्हाला सांगणं मला आवश्यक वाटतं.

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. मुलं विसरतात असं एकेकाळी डॉक्टरही मानत. १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांच्या कित्येक शस्त्रक्रिया अगदी जुजबी भूल देऊन केल्या जात, कारण एवढ्याशा जिवाला वेदना कळत नाहीत असा समज होता. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी १९८७ मध्ये तो खोडून काढला. त्यांच्या अभ्यासात मुदतीआधी जन्मलेल्या ज्या बाळांना शस्त्रक्रियेच्या वेळी वेदनाशामक मिळालं, त्यांच्या शरीरावर ताण कमी आला आणि नंतरची गुंतागुंतही कमी झाली. पुढे १९९७ मध्ये टोरांटोच्या ॲना टॅडिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार ते सहा महिन्यांच्या मुलग्यांचं लसीच्या वेळचं रडणं तपासलं. जन्मल्यावर सुंता झालेली मुलं लस टोचताना इतरांपेक्षा जास्त कळवळत होती. ज्यांना सुंतेआधी बधिर करणारं क्रीम लावलं होतं, त्यांचा त्रास दोन्हींच्या मधला होता. महिने उलटले होते, बाळांना सांगता काहीच येत नव्हतं, पण शरीराने ती वेदना धरून ठेवली होती. त्या अभ्यासात वापरलेली औषधं आणि आमच्या सिस्टरांनी तुमच्या मुलाच्या हाताला लावलेली औषधं एकच आहेत: लिग्नोकेन आणि प्रिलोकेन.

हे क्रीम कातडीतून आत उतरून काम करायला साधारण ६० मिनिटं घेतं. जाड थर द्यायचा, चोळायचं नाही, वरून पारदर्शक पट्टी लावायची. कोणत्या हाताची नस मिळेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून दोन्ही कोपरांच्या खोबणीत लावतो. पुसल्यावर त्वचा पांढुरकी दिसते, नसही थोडा वेळ आक्रसते, म्हणून आणखी पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं. घाई करून वीस मिनिटांत पुसलं तर मुलाला क्रीमचाही त्रास आणि सुईचाही. तातडी असेल तेव्हा मात्र आम्ही थांबत नाही. ताप, मलूल पडलेलं मूल, डेंग्यूचा संशय, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘अर्जंट’ असेल, तर क्रीमशिवाय लगेच रक्त घेतो. तुम्ही सांगितलेल्या तपासण्या अशा घाईच्या नसतात.

उपाशी राहण्याबद्दल. सीबीसी आणि फेरिटिनला मुलाला उपाशी ठेवावं लागत नाही. रक्त तपासायचं म्हणजे रिकाम्या पोटी, असं आपल्याकडे घरोघरी धरून चालतात. त्यात पाणीही न प्यालेल्या मुलाच्या नसा आणखी बारीक होतात आणि भुकेने ते आधीच रडकुंडीला आलेलं असतं. तपासणी कोणती आहे ते बघून आमच्याकडून नाव नोंदवतानाच ‘खाऊन-पिऊन आणा’ असं सांगितलं जातं. यापुढे आदल्या संध्याकाळी फोन करूनही सांगू.

आता मांडी. उताणं झोपवून हातपाय दाबले की त्या वयाच्या मुलाला वाटतं आपल्याला पकडलंय, आणि सुईच्या आधीच त्याची लढाई सुरू होते. आईच्या किंवा बाबांच्या मांडीवर, छातीला छाती लावून, एक हात बाहेर काढून टेबलावर टेकवला तर ते मिठीत असतं. हात सिस्टर कोपराशी घट्ट धरतात, त्यामुळे सुई हलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीकरणातल्या वेदनांबद्दल ज्या शिफारशी केल्या, त्यात पालकाने जवळ घेऊन बसणं आहे, मुलाशी खोटं न बोलणं आहे आणि सहा वर्षांखालच्या मुलांचं लक्ष दुसरीकडे वळवणंही आहे. त्या लसीसाठी आहेत, पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर सुई ती सुईच.

लॅब चालवणारी म्हणून माझं आणखी एक कारण आहे. धडपडणाऱ्या हातातून रक्त थेंबथेंब येतं, मग हात पिळावा लागतो, आणि जांभळ्या टोपीच्या व्हायलमध्ये रक्त गोठून बसतं. गोठलेल्या सॅम्पलमध्ये प्लेटलेट खोट्या कमी दिसतात. मग पुन्हा बोलवा, पुन्हा टोचा. शांत मुलाकडून मिळालेला अर्धा मिली चांगला रिपोर्ट देतो.

आजींना थांबवलं, याचा तुम्हाला सर्वांत जास्त राग आलेला दिसतो. आजींचा अपमान करायचा हेतू सिस्टरांच्या मनातही नव्हता आणि त्यांचं मुलावरचं प्रेम आम्हाला दिसत होतं. पण ‘दुखणार नाही’ म्हटलं आणि दुखलं, तर पुढच्या वेळी ते मूल आजीवरही विश्वास ठेवत नाही आणि सिस्टरवरही नाही. ‘काही नाही, काही नाही, झालं झालं’ असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिलं तर मुलाला उलट कळतं की काहीतरी भयंकर होणार आहे. धीर देण्याच्या अशा बोलण्याने मुलांचा त्रास वाढतो आणि दुसऱ्या गोष्टींच्या गप्पांनी तो कमी होतो, हे पालक आणि मुलांच्या संवादाच्या अभ्यासांत दिसून आलं आहे. म्हणून आम्ही सांगतो, ‘आता थोडं दाबल्यासारखं वाटेल, तू जोरात फुंकर मार.’ साबणाचे फुगे, भिरभिरं, मोबाइलवरचं आवडतं गाणं, काहीही चालतं. फुंकर मारताना मुलाला करायला काहीतरी मिळतं, नुसतं सोसत बसावं लागत नाही.

याच्याच जोडीने एक विनंती, तुम्हाला उद्देशून नाही, वाचणाऱ्या सगळ्यांना. ‘जेवला नाहीस तर डॉक्टरांकडे नेऊन सुई टोचायला लावीन,’ हे वाक्य घरातून काढून टाका. सुई म्हणजे शिक्षा असं वर्षभर ऐकलेलं मूल आमच्या जिन्यातच रडायला लागतं, आणि ती भीती कुठल्याही क्रीमने बधिर होत नाही.

आणि दोनदा टोचल्यावर थांबणं. हा आमचा नियम आहे. एकदा एका सिस्टरने, नाही मिळाली तर दुसऱ्या अनुभवी हाताने, त्यानंतर त्या दिवशी नाही. तातडीची तपासणी असेल तरच पुढे जातो आणि तेही पालकांना विचारून. तिसऱ्या, चौथ्या खेपेला मूल रडून घामाघूम झालेलं असतं, नसा आणखी दडतात आणि टोचणाऱ्याचा हातही अस्वस्थ होतो. तुम्हाला पुन्हा रजा काढावी लागली असती, गाडीभाडं पडलं असतं, हे मला समजतं. म्हणूनच दुसऱ्या फेरीचे पैसे आम्ही घेत नाही.

माझ्याकडे थॅलेसेमियाची मुलं येतात, टाइप वन मधुमेहाची येतात. त्यांच्या आयुष्यात सुई संपणारी नाही. ज्यांच्या पहिल्या काही तपासण्या धरून-दाबून झाल्या, त्यांच्याबरोबर पुढची कित्येक वर्षं आम्ही झगडतो. रक्तक्षयासाठी औषध सुरू झालेल्या मुलांनाही पुन्हा तपासणीला यावं लागतं. पाच मिनिटांचा हिशोब करताना ही पुढची खेप मी त्यात धरते.

अंगावर पिणाऱ्या बाळांचे पालक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: टोचण्याच्या आधी आणि टोचत असताना बाळाला पाजत राहा, आमच्याकडे त्यासाठी पडद्याआड जागा आहे. मध मात्र चाटवू नका. एक वर्षाच्या आत मधातून बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा, धोका असतो.

तासभर थांबण्याचा प्रश्न सोडवता येतो. क्रीम आदल्या दिवशी आमच्याकडून नेता येईल. कुठे आणि किती लावायचं ते सिस्टर हातावर पेनने खूण करून दाखवतील. फक्त मुलाला जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल, काही औषधं चालू असतील किंवा मूल वर्षाच्या आतलं असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावं लागेल. निघायच्या आधी घरी लावलंत तर इथे पोचेपर्यंत वेळ भरत आलेला असतो. पुढची तपासणी तुम्ही दुसरीकडे करणार असाल तरी हे क्रीम घेऊन जा, आणि तिथेही मुलाला आईच्या मांडीवर बसवायला सांगा. आजींना मला भेटायचं असेल तर सकाळी अकरानंतर मी लॅबमध्येच असते.

– लॅबच्या संचालिका