त्याला काम म्हणू नका

‘जाऊ दे ना, एक केकच तर कापला होता!’ कोरोनाच्या टाळेबंदीत तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन आणि त्यांची माणसं पार्ट्या करत होती, त्याबद्दल हे वाक्य मी इथे ब्रिटनमध्ये अजून ऐकतो. ऑफिसात ऐकतो, ओळखीच्यांकडे जेवायला गेलो की ऐकतो, आणि दर वेळी तळपायाची आग मस्तकात जाते. बोरिस जॉन्सनच्या पक्षाचे कॉनर बर्न्स तर टीव्हीवर म्हणाले होते की पंतप्रधानांवर केकनं अचानक हल्ला केला. माणसं मरत होती हो, आणि हे केकवर ढकलून मोकळे!

केकचंच सांगतो. 19 जून 2020, जॉन्सनचा वाढदिवस. बंद जागेत दोन घरच्या लोकांनी एकत्र जमायलाही बंदी होती. जॉन्सन आणि त्यांचे सहकारी मंत्रिमंडळाच्या दालनात केक, सँडविच घेऊन जमले. त्याच महिन्याच्या अखेरीस देशभर निर्बंध सैल होत असताना आमच्या लेस्टर शहराला पुन्हा कुलूप ठोकलं. आकडे वाढतायत, घरात बसा. आम्ही बसलो. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना डबा द्यायचा तर दाराबाहेर ठेवून मागे सरायचं आणि त्या काचेआडून हात हलवायच्या. पुढे कितीतरी महिने लेस्टरमध्ये एकमेकांच्या घरी जाता आलं नाही.

आणि मे महिन्यातलं तर डोक्यातून जातच नाही. 20 मे 2020. मंत्री ऑलिव्हर डाउडेन पत्रकार परिषदेत देशाला सांगत होते, घराबाहेरच्या फक्त एकाच माणसाला भेटा, तेही उघड्यावर, 2 मीटर अंतर ठेवून. त्याच संध्याकाळी पंतप्रधानांच्या बागेत दारूपार्टी. त्यांचे खाजगी सचिव मार्टिन रेनॉल्ड्स यांनी 100 हून जास्त लोकांना ईमेल पाठवला होता की हवा छान आहे, आपापली दारू घेऊन या. जॉन्सन स्वतः 25 मिनिटं तिथे होते, आणि जानेवारी 2022 मध्ये भर संसदेत सांगतात की मला वाटलं हा कामाचाच कार्यक्रम आहे! अहो, कामाला येताना दारूची बाटली कोण आणायला सांगतो?

त्याच मे महिन्यात माझे काका साताऱ्यात वारले. विमानं बंद. तिकडेही अंत्यविधीला 20 माणसांची मर्यादा. ज्यांनी मला सायकल शिकवली त्यांना अग्नी दिलेला मी मोबाइलवर पाहिला, तोही मध्येच नेटवर्क गेलं. इथे मिल्टन कीन्सच्या स्मशानगृहात तर दोन मुलगे खुर्च्या ओढून आईजवळ सरकले, तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेवढ्यात कर्मचारी विधी थांबवून पुढे आला आणि खुर्च्या मागे न्यायला लावल्या. तो व्हिडिओ सगळ्या देशानं पाहिला. नियम कोणी केले होते? ह्यांनीच ना? 30 हून जास्त लोक जमवणाऱ्याला 10,000 पौंड दंड, हाही ह्यांचाच नियम. ह्यांना स्वतःला किती झाला? जॉन्सनना 50 पौंड, तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांना 50 पौंड. पोलिसांनी एकूण 83 जणांना 126 दंड लावले. कायदे लिहिणाऱ्या घरात!

‘खूप ताण होता त्यांच्यावर’, हे दुसरं ठरलेलं वाक्य. ताण नर्सना नव्हता? आमच्या ओळखीतली एक मुलगी अतिदक्षता विभागात होती. ड्युटी संपली की मास्कचे वळ गालावर घेऊन यायची आणि गॅरेजमध्ये कपडे बदलून मगच घरात शिरायची. तिच्या वॉर्डात कुणी दर शुक्रवारी वाइन ओतत नव्हतं. डाउनिंग स्ट्रीटवर, म्हणजे पंतप्रधानांच्या घरी-कचेरीत, मात्र सूटकेसमधून दारू आणली गेली, तीही 16 एप्रिल 2021 ला, राणीचे पती प्रिन्स फिलिप यांच्या अंत्यविधीच्या आदल्या रात्री. दुसऱ्या दिवशी राणी चॅपलमध्ये एकटी बसली होती. मला राजघराण्याचं काही कौतुक नाही, पण ती नव्वदी ओलांडलेली बाई नियम पाळत होती.

या पार्ट्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकारी सू ग्रे यांच्या अहवालातलं मला सगळ्यात जास्त कशानं पेटवलं असेल, तर सफाई कामगारांनी. भिंतीवर रेड वाइन सांडलेली, कुणीतरी ओकलेलं, आणि तिथल्या सफाई कामगारांशी, सुरक्षारक्षकांशी उद्धटपणे वागणं वारंवार घडलेलं. साथीच्या काळात त्या इमारतीत खरं काम कोण करत होतं, हे त्यात लिहिलेलंच आहे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण ह्यांना तर समोर झाडू मारणारा माणूसही दिसत नव्हता.

जून 2023 मध्ये संसदेच्या समितीनं निकाल दिला की जॉन्सननी सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली. तो अहवाल 354 विरुद्ध 7 मतांनी मंजूर झाला. जॉन्सन त्याआधीच खासदारकी सोडून पळाले होते. आणि दंड झालेले सुनक? तोवर पंतप्रधान. मतदानाला आलेच नाहीत.

तेव्हा केकचं समर्थन माझ्यापुढे करू नका. वेस्टमिन्स्टरच्या संसदेसमोर, नदीकाठच्या भिंतीवर कोरोनात गेलेल्यांच्या नावानं लाल बदाम रंगवलेत, एकेका माणसासाठी एकेक. तिथे उभं राहून म्हणा, एक केकच तर होता.