जॉन पीलने ‘एकट्याने’ काहीच शोधलं नाही

बीबीसीचा रेडिओ निवेदक जॉन पील याच्याबद्दलचा एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. २५ ऑक्टोबरच्या आसपास, म्हणजे त्याच्या स्मृतिदिनाला, तर हमखास. मजकुराचा गोषवारा असा: रेडिओचा काडीचा अनुभव नसलेला हा बंडखोर पायरेट जहाजावरून, म्हणजे समुद्रातल्या विनापरवाना रेडिओ स्टेशनवरून, थेट बीबीसीत आला. बीबीसीने त्याला ३७ वर्षं मोकळं रान दिलं. ‘पील सेशन’ ही लाइव्ह मैफलीची कल्पना त्याने काढली. गायक बोवी आणि जॉय डिव्हिजन, स्मिथ्स, निर्वाणा हे बँड, सगळे त्यानेच शोधले. रेकॉर्ड चुकीच्या वेगाने वाजवणं ही त्याची मुद्दाम केलेली अदा होती. आणि आज हे सगळं गाणी सुचवणारं ॲप करतं, त्यामुळे असा माणूस पुन्हा लागणार नाही.

लिहिणाऱ्याचं पीलवर प्रेम आहे, हे ओळीओळीत दिसतं. पण पील रोज काय काम करत होता, ते एकाही ओळीत दिसत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

अनुभवाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. जॉन रॉबर्ट पार्कर रेव्हन्सक्रॉफ्टचा जन्म १९३९ साली लिव्हरपूलजवळच्या हेसवॉलमध्ये झाला. वडील कापसाचे व्यापारी. त्याच धंद्यातल्या ओळखीवर तो १९६० मध्ये अमेरिकेत डॅलसला गेला. तिथे डब्ल्यूआरआर स्टेशनवर त्याने रेकॉर्ड वाजवायला सुरुवात केली. १९६४ मध्ये अमेरिकेला बीटल्सचं वेड लागलं तेव्हा केएलआयएफ स्टेशनला लिव्हरपूलकडचा माणूस हवाच होता. पुढे ओक्लाहोमा सिटीत केओएमए आणि कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत केएमईएन. मिनिटाला मिनिट जोडून चालणाऱ्या व्यावसायिक रेडिओत एवढी वर्षं काढून तो १९६७ च्या सुरुवातीला इंग्लंडला परतला. जहाजावर, म्हणजे एसेक्सच्या किनाऱ्यासमोर नांगरलेल्या ‘गॅलॅक्सी’वरच्या रेडिओ लंडनवर, तो काही महिनेच होता. मध्यरात्री १२ ते २ हा ‘द परफ्यूम्ड गार्डन’ तिथला. ‘पील’ हे आडनावही तिथेच चिकटलं. अशा जहाजी स्टेशनांविरुद्धचा नवा कायदा लागू होणार म्हणून १४ ऑगस्ट १९६७ ला दुपारी ३ वाजता ते स्टेशन बंद झालं. ३० सप्टेंबरला बीबीसीचं पॉप संगीताचं स्टेशन रेडिओ १ सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर पीलचा कार्यक्रम ‘टॉप गिअर’.

(मोटारींचा तो टीव्ही कार्यक्रम नंतरचा. हा रेडिओवरचा.)

आता ‘मोकळं रान’. ‘टॉप गिअर’ हे नाव पीलचं नव्हतं. याच नावाचा कार्यक्रम बीबीसीवर १९६४ मध्येच सुरू झाला होता आणि त्याचा निर्माता होता बर्नी अँड्र्यूज. १९६७ मध्ये तोच अँड्र्यूज नव्या ‘टॉप गिअर’चा निर्माता झाला. सुरुवातीला पील एकटा निवेदकही नव्हता. पीट ड्रमंड, टॉमी व्हान्स अशा इतरांसोबत तो आळीपाळीने बसायचा. कार्यक्रम पूर्णपणे त्याच्या हाती आला तो १९६८ मध्ये, आणि तेही अँड्र्यूजने त्याच्यासाठी आग्रह धरला म्हणून. १९६९ पासून १९९१ पर्यंत निर्माता जॉन वॉल्टर्स त्याच्यामागे उभा होता. वरिष्ठांशी भांडणं, वेळ राखणं, कागदपत्रं ही सगळी आघाडी वॉल्टर्सची.

आणि एवढं करूनही वेळ कापली गेलीच. १९७५ पासून आठवड्याच्या पाच रात्री पीलकडे होत्या. १९७८ च्या नोव्हेंबरात शुक्रवार हेवी रॉकच्या नव्या कार्यक्रमाला गेला, उरल्या चार. १९८४ मध्ये तीन. नव्वदीच्या दशकात तर वार आणि तास इतके बदलले की जुन्या श्रोत्यांनाही तो कधी लागतो हे शोधावं लागायचं. प्रत्येक वेळी त्याला उरलेल्या तासांत नव्याने मांडामांड करावी लागली.

यात एक तांत्रिक गोष्ट मात्र त्याच्या पथ्यावर पडली, आणि तिचा उल्लेख सहसा कुणी करत नाही. सत्तरच्या दशकात रेडिओ १ कडे स्वतःची एफएम वारंवारता नव्हती. दिवसभर तो मीडियम वेव्हवर, मोनोमध्ये, खरखरत ऐकू यायचा. रात्री उशिरा मात्र रेडिओ २ ची एफएम वारंवारता त्याला वापरायला मिळायची. त्यामुळे कोपऱ्यात ढकललेला पीलचा कार्यक्रम स्टिरिओत आणि स्वच्छ ऐकू येई. कॅसेट रेकॉर्डर घराघरांत पोचले तेव्हा मुलांनी टेप केला तो हाच. त्या कॅसेटी पुढे हातोहात फिरल्या.

सेशनचा मुद्दा सर्वांत जास्त चुकवला जातो, म्हणून इथे थोडं थांबावं लागेल. पील सेशन म्हणजे एखाद्या बँडने खास कार्यक्रमासाठी बीबीसीच्या स्टुडिओत वाजवलेली गाणी. ती लाइव्ह नसत. आधी ध्वनिमुद्रित केलेली असत. आणि त्यांचं मूळ संगीतप्रेमात कमी, एका करारात जास्त होतं. रेकॉर्ड कंपन्यांची संस्था फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड आणि वादकांची संघटना म्युझिशियन्स युनियन यांच्याशी बीबीसीचा करार होता. बाजारात विकली जाणारी रेकॉर्ड दिवसाला अमुक तासांपेक्षा जास्त वाजवायची नाही, अशी त्यात अट होती. तिला ‘नीडल टाइम’ म्हणत. रेकॉर्डच वाजत राहिल्या तर जिवंत वादकांना काम कोण देणार, हा युनियनचा सवाल होता आणि तो रास्त होता. उरलेली वेळ बीबीसीने स्वतः मुद्रित केलेल्या संगीताने भरायची. बीटल्सनीही १९६२ ते १९६५ या काळात बीबीसीसाठी अशीच ढीगभर गाणी मुद्रित केली होती. सेशनची पद्धत पीलच्या आधीची आहे. ही मर्यादा १९८८ मध्ये उठली.

हिशेब करून पाहा. कार्यक्रम दोन तासांचा. त्यात दोन सेशन, प्रत्येकी चार गाणी. गाणं साधारण साडेतीन मिनिटांचं धरलं तर २८ मिनिटं विकत घेतलेल्या रेकॉर्डला हात न लावता भरतात, जवळजवळ पाव कार्यक्रम. करारातून सुटण्याची ही वाट अँड्र्यूज, वॉल्टर्स आणि पीलने अशी वापरली की ज्यांची एकही रेकॉर्ड निघालेली नाही, त्यांनाही दार उघडलं. पीलचं श्रेय इथे आहे.

मुद्रण व्हायचं लंडनमधल्या मेडा व्हेल स्टुडिओत, बहुतेकदा स्टुडिओ ४ मध्ये. ही इमारत मुळात रोलर स्केटिंगसाठी बांधलेली. एक दिवस, चार गाणी, मिक्सिंगसकट, म्हणजे सगळे आवाज योग्य प्रमाणात एकत्र करण्यासकट. दुपारी सामान आत आणायचं. ड्रमच्या प्रत्येक नगाला माइक लावून आवाज जमवायचा, यातच तासभर सहज जातो. मग चारही गाण्यांचा पाया सगळ्यांनी एकत्र वाजवायचा, त्यावर जादा गिटार आणि गायन चढवायचं आणि रात्री मिक्स करून टेप द्यायची. नवखे बँड ठरावीक ठिकाणी अडकत. पहिल्याच गाण्यावर तीन तास घालवले की चौथं एका दमात उरकावं लागे. गिटारचा ॲम्प्लिफायर मंचावरच्या सवयीने मोठा ठेवला की तो आवाज ड्रमच्या माइकमध्ये शिरतो आणि मग मिक्सिंगमध्ये गिटार खाली आणली तरी ती जात नाही. गायन शेवटी येतं, तोवर गळा थकलेला. या सगळ्यातून बँडला वेळेत बाहेर काढणं हे सेशनच्या निर्मात्याचं आणि इंजिनिअरचं कसब. ‘मॉट द हूपल’चा ड्रमर डेल ग्रिफिन याने १९८१ ते १९९४ या काळात अशी शेकडो सेशन सांभाळली. पील स्वतः तिथे क्वचितच फिरकायचा. अनेक बँडना तो आपल्या सेशनला भेटलाच नाही.

चार हजारांहून जास्त सेशन आणि दोन हजारांहून जास्त कलाकार, हा आकडा एका माणसाच्या कानाने होत नाही.

म्हणूनच ‘त्यानेच शोधले’ हे वाक्य खटकतं. डेव्हिड बोवीचं घ्या. १९६५ मध्ये बीबीसीच्या ऑडिशन मंडळाने त्याला नापास केलं होतं. (आकाशवाणीची श्रेणी मिळवण्यासाठी ज्यांनी ऑडिशन दिली आहे, त्यांना हे मंडळ काय चीज असेल ते वेगळं सांगायला नको.) ‘टॉप गिअर’साठी त्याचं पहिलं सेशन मुद्रित झालं १८ डिसेंबर १९६७ ला. पण त्याचा पहिला आल्बम त्याच वर्षीच्या जूनमध्ये डेरम कंपनीने आधीच काढला होता. जॉय डिव्हिजनचं पहिलं पील सेशन जानेवारी १९७९ चं. त्याआधी त्यांनी स्वतःच्या खर्चाने ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, काढली होती आणि सप्टेंबर १९७८ मध्ये निवेदक टोनी विल्सनने त्यांना ग्रॅनडा टीव्हीवर आणलं होतं. स्मिथ्सना १९८३ च्या मे महिन्यात लंडनमध्ये मंचावर ऐकलं ते वॉल्टर्सने, आणि सेशन ठरवलं तेही त्यानेच. निर्वाणा ऑक्टोबर १९८९ मध्ये मेडा व्हेलला पोचले तेव्हा त्यांचा पहिला आल्बम सिॲटलच्या सब पॉप कंपनीने जूनमध्ये बाजारात आणलेला होता.

मग पीलने केलं काय? अंडरटोन्स या बँडची गोष्ट नीट सांगितली तर ते कळतं. बँड उत्तर आयर्लंडमधल्या डेरीचा. त्यांची ‘टीनेज किक्स’ ईपी १९७८ च्या सप्टेंबरात काढली बेलफास्टच्या गुड व्हायब्रेशन्सने, म्हणजे टेरी हूली या रेकॉर्डच्या दुकानदाराच्या चिमुकल्या लेबलने (लेबल म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी). पीलने ते गाणं एकाच कार्यक्रमात लागोपाठ दोनदा वाजवलं. अमेरिकेतल्या सायर या रेकॉर्ड कंपनीच्या सीमूर स्टाइनच्या कानावर ते पडलं आणि ऑक्टोबर उजाडताच करार झाला. बँडने गाणं केलं, हूलीने पैसे घातले, पीलने ते देशभर ऐकवलं, स्टाइनने जगभर नेलं. साखळीतली एक कडी पीलची, आणि ती काढली तर साखळी तुटते. पण तिला अख्खी साखळी म्हणणं हा हूलीवर अन्याय आहे. पीलने ते गाणं स्वतःचं मानलं, त्याच्या थडग्यावर त्यातली ओळ कोरली आहे. शोध मात्र आपला, असा दावा तो करत नसे.

सेशन मिळालं की नशीब उघडलं, हेही खरं नाही. शेफील्डच्या शाळकरी जार्व्हिस कॉकरने पीलच्या हातात टेप दिली आणि १९८१ मध्ये त्याच्या ‘पल्प’ या बँडचं सेशन झालं. दुसरं झालं १९९३ मध्ये. मधली बारा वर्षं बँड जवळजवळ अज्ञातच होता.

चुकीच्या वेगाची ‘अदा’ म्हणजे निव्वळ अपघात, आणि त्याचं कारण साधं आहे. ७ इंची रेकॉर्ड बहुधा मिनिटाला ४५ फेऱ्यांची आणि १२ इंची आल्बम ३३⅓ चा. पण १२ इंची सिंगल आल्या आणि आकारावरून वेग ओळखता येईना. छोटी लेबलं वेग छापायला विसरत. ३३⅓ ची रेकॉर्ड ४५ वर लावली की वेग १.३५ पट होतो, चार मिनिटांचं गाणं दोन मिनिटं ५८ सेकंदांत संपतं आणि सूर पाच अर्धस्वरांहून थोडा जास्त चढतो. गाणारा असेल तर लगेच कळतं. पण नुसता गोंगाट, संथ गुणगुण किंवा अनोळखी भाषा असेल तर चांगला कानही फसतो. जो माणूस रात्रीमागून रात्री कुणीच न ऐकलेल्या रेकॉर्ड लावतो, त्याच्याकडून ही चूक होणारच. चूक कळली की तो ती हवेतच कबूल करून रेकॉर्ड पुन्हा लावायचा. टेपचंही तसंच. स्टुडिओत मुद्रित टेप शेवट बाहेर ठेवून गुंडाळून ठेवायची पद्धत होती, म्हणजे शेजारच्या थरावर उमटणारा पुसट आवाज मूळ आवाजाच्या आधी न येता मागून येतो आणि फारसा जाणवत नाही. अशी टेप उलट गुंडाळून न घेता लावली तर संगीत उलटं वाजतं. १९७३ मध्ये फ्रिप आणि ईनो या संगीतकारांचं संगीत पीलच्या कार्यक्रमात असंच उलटं वाजलं होतं.

राहिलं ॲप. शिफारस करणारं ॲप मुख्यतः आधी कुणी काय ऐकलं यावर चालतं. ज्या गाण्याला अजून एकही श्रोता नाही, त्याबद्दल त्याच्याकडे जवळजवळ काही नसतं. पीलकडे येणाऱ्या पाकिटांत नेमकी अशीच गाणी असत. त्याच्या संग्रहात २५ हजारांहून जास्त आल्बम होते आणि त्यांची टंकलिखित कार्डं होती. ॲप तुमच्या आवडीच्या जवळचं पुढचं गाणं देतं. पीलच्या एकाच रात्री झिम्बाब्वेचे भुंडू बॉइज, रेगे, नेपाम डेथ या बँडचा काही सेकंदांत संपणारा कल्लोळ आणि जुनी ७८ ची तबकडी एकापाठोपाठ येऊ शकत. द फॉल या बँडला १९७८ पासून २००४ पर्यंत त्याने २४ सेशन दिली. खपाच्या आकड्यावरून हा निर्णय कुणीच घेतला नसता.

आणि गाणं संपल्यावर तो बँडचं नाव, लेबलचं नाव आणि पुष्कळदा लेबलचा टपालाचा पत्ता सांगायचा. खेड्यातला श्रोता तो लिहून घ्यायचा, पोस्टल ऑर्डर पाठवायचा आणि घरच्या खोलीतून चालणाऱ्या लेबलला पुढची रेकॉर्ड छापण्याइतके पैसे जमायचे.